मुंबईत टेकडीवरची निवांत बाग, जिथे जुन्या लढायांच्या खुणा दिसतील, अशी जागा आहे का? (साताऱ्याहून वडील येत आहेत, फार चढ नको)

शीवचा, म्हणजे सायनचा किल्ला. दादरहून स्लो गाडीनं दुसरं स्टेशन, तिथून पूर्वेला चालत दहा मिनिटांच्या आत टेकडीच्या पायथ्याशी. खाली पंडित जवाहरलाल नेहरू उद्यान आहे, वर किल्ला.

आधीच सांगतो, अजिंक्यतारा बघत वाढलेल्या माणसाला ह्याला किल्ला म्हटलेलं ऐकून हसू येईल. एक टेंगूळ, त्यावर पडक्या भिंती, ढासळलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर एक खोली. भिंतींवर बदाम आणि नावं कोरलेली. जोडपी असतात, त्यांचं त्यांचं चाललेलं असतं, आपण आपलं बघावं. पण वडिलांना माथ्यावर नेऊन उत्तरेकडे तोंड करून उभं करा आणि पुढची गोष्ट सांगा, मग त्यांना इथून लवकर निघावंसं वाटणार नाही.

१६६९ ते १६७७ या काळात जेराल्ड ऑन्जिए मुंबईचा गव्हर्नर होता, त्याच्या कारकिर्दीत ईस्ट इंडिया कंपनीनं हा किल्ला बांधला. त्या वेळी इंग्रजांची मुंबई इथे संपत होती. समोर खाडी, खाडीपलीकडे साष्टी, आणि साष्टी पोर्तुगीजांची. म्हणजे आज जिथे कुर्ला-चुनाभट्टीच्या इमारती दिसतात ते परकं राज्य, आणि हा किल्ला म्हणजे नाक्यावरची चौकी. सह्याद्रीतल्या गडांसारखा वेढा सोसायला तो बांधलाच नव्हता, म्हणून आकारानं एवढासा.

खरी गंमत १७३७ नंतरची. मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली, ठाणं घेतलं, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. एका रात्रीत नसेल, पण दोन वर्षांत खाडीपलीकडचा शेजारी बदलला. मुंबईकर इंग्रजांची अशी तंतरली की खाली दक्षिण मुंबईत फोर्टाभोवती खंदक खणायला घेतला, त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. शिवाय साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांकडे कॅप्टन गॉर्डन नावाचा वकील पाठवला. वडिलांना एवढा साताऱ्याचा धागा पुरेल. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि सरहद्दच सरकली, मग चौकीला काम काय उरणार?

चढ फार नाही, पण वरच्या पायऱ्या उंचसखल आहेत आणि सगळीकडे धरायला कठडा नाही. गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश, आणि आई खालीच बागेत बसली तरी चालेल. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, पण शेवाळ्यावरून पाय सटकतो, त्यामुळे मी वयस्कर माणसाला तेव्हा नेणार नाही. सुट्टीचा दिवस सोडून सकाळी जा. अंधार पडायच्या आत खाली उतरा. पाणी सोबत असू द्या.

माझगावची भंडारवाडा टेकडी, म्हणजे जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. डॉकयार्ड रोड स्टेशनला अगदी लागून आहे, वरून गोदी आणि बंदर छान दिसतं, बसायला तर शीवपेक्षा कितीतरी चांगलं. पण अवशेष शोधू नका. तिथला किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानं १६९० मध्ये पाडला, आणि आता बागेखाली पाण्याची टाकी आहे.

आणि खऱ्याखुऱ्या तोफा बघायच्याच असतील तर घारापुरी. लेणी बघून बहुतेक लोक परत फिरतात, पण वर तोफांच्या टेकडीवर ब्रिटिशांच्या दोन मोठ्या तोफा आहेत. मात्र गेटवेहून लाँचनं तासभर, मग शंभरावर पायऱ्या, आणि त्यानंतर हा वेगळा चढ. वडिलांची उमेद बघून ठरवा. सोमवारी लेणी बंद.

शीवला जाऊन वेळ उरला तर धारावी डेपोजवळचा काळा किल्ला बाहेरून बघून घ्या. त्याच्या भिंतीत गव्हर्नर जॉन हॉर्नच्या नावाचा दगड आहे. त्यावरचं साल १७३७, म्हणजे मराठे साष्टीत उतरले तेच.