वाचकांचे प्रश्न : तगलेल्या पेशी काय सांगतात?

प्रश्न : आमचा चादरींचा कारखाना आहे. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती सांगते की, घटसर्पाच्या विषाचा अभ्यास करताना शास्त्रज्ञ पेशींतील जनुके मुद्दाम मोडतात. आम्ही बिघडलेल्या मागातला दोष शोधतो; पण मुद्दाम बिघाड करून काय कळते? आणि उंदरांना हे विष का बाधत नाही? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याकडे बंद पडलेला माग दोष दाखवतो, येथे मात्र चालू राहिलेला माग शोधायचा असतो. कोट्यवधी पेशींपैकी प्रत्येकीत साधारणपणे एकेक जनुक मोडून सर्वांवर विष सोडतात. बहुतेक मरतात. ज्या मोजक्या तगतात त्यांच्यात कोणते जनुक मोडले होते ते वाचले की, विषाला त्याची गरज होती असे अनुमान निघते. मात्र एखादी पेशी योगायोगानेही वाचत असल्याने, तेच जनुक निरनिराळ्या जागी मोडलेल्या अनेक पेशी तगल्या तरच ते ग्राह्य धरतात.

माणसाच्या पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात आणि एक मोडली तरी दुसरी काम भागवते. म्हणून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णापासून मिळालेल्या, जवळजवळ सर्व गुणसूत्रांची एकच प्रत असलेल्या पेशी वापरल्या गेल्या. पुढे क्रिस्पर या, जनुक हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्रामुळे दोन्ही प्रती मोडणे सोपे झाले.

घटसर्पाच्या विषातून तगलेल्या पेशी दोन तऱ्हेच्या निघाल्या. काहींत एचबी-ईजीएफ हे पृष्ठभागावरील प्रथिन, म्हणजे विषाचे दारच, नव्हते. इतरांत विष आत शिरले तरी त्याला लक्ष्य सापडत नव्हते. प्रथिननिर्मितीसाठी लागणाऱ्या ईएफ-२ या प्रथिनावरील डिफ्थामाइड या रासायनिक खुणेवर ते घाव घालते आणि ती खूण घडवणारी जनुकेच या पेशींत मोडलेली होती. त्यांत डब्ल्यूडीआर८५ हे जनुक निघाले, ज्याचा या कामाशी संबंध तोवर कोणाच्या ध्यानात आला नव्हता. कोणावर संशय घ्यायचा हे आधी ठरवावे लागत नाही, हीच मला या पद्धतीची खरी कमाई वाटते.

उंदराच्या पेशीत ही खूण शाबूत असते. पण त्याच्या एचबी-ईजीएफची घडण थोडी निराळी असल्याने विष त्याला नीट चिकटत नाही. मानवी प्रथिन तिच्यात घातले की तीही बळी पडते.

एक उणीव सांगायला हवी : स्वतः ईएफ-२ चे जनुक मोडलेली पेशी विष सोडण्याआधीच मरते, त्यामुळे विषाचे मुख्य लक्ष्य असूनही ते या यादीत येत नाही.