आत शिरण्याआधी बाहेरचं दार बघ

फोटो आणि लिखाण कुठल्या सेवेत ठेवू, असं विचारलंस. कुठेही ठेव, पण बाहेर पडायचं दार आधी बघून घे. सेटिंग्जमध्ये आपला डेटा डाउनलोड करायची सोय आहे का? पहिल्याच दिवशी दोन-चार फोटो टाकून ते परत उतरवून बघ. फाइल दुसरीकडे उघडली नाही, तर ती सोय नावापुरतीच.

कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. गूगलनं रीडर ही ब्लॉग आणि बातम्या एकाच जागी वाचायची सेवा १ जुलै २०१३ ला बंद केली, तेव्हा तिचे चाहते कमी नव्हते. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलचंच सोशल नेटवर्क ऑर्कुट गेलं, एप्रिल २०१९ मध्ये त्यांचं दुसरं सोशल नेटवर्क, सामान्य लोकांसाठीचं गूगल प्लस. गाणी चढवता येणाऱ्या मायस्पेस या सोशल नेटवर्कची तऱ्हाच वेगळी. सेवा चालूच राहिली, पण सर्व्हर बदलताना जुनी गाणी गेली, अगदी २०१५ पर्यंत चढवलेली. म्हणून एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर हवीच.

माझ्या पाच वर्षांच्या नोंदी एका छोट्या सेवेसोबत बुडाल्या. बंद होण्याची सूचना आली होती, पण मी कधीच सोडून दिलेल्या ईमेलवर! (चूक माझीच म्हणा.) तेव्हापासून स्वतःचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घेऊन त्यावरच ईमेल ठेवलाय. ईमेल पुरवणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. फक्त डोमेनचं नूतनीकरण मुदतीत कर, नाहीतर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं.