मैदा किंवा कॉर्नफ्लोअर न घालता तळलेल्या माशाला कुरकुरीत आवरण येईल का?

येतं, फक्त नुसत्या बदामाच्या पिठावर विसंबू नका. त्यात ग्लुटेन नाही, स्टार्चही नगण्य, त्यामुळे पीठ माशाला धरत नाही आणि तेलात सुटून तळाशी जळतं. माझे पहिले दोन घाणे असेच वाया गेले.

अर्धा किलो माशाला पाऊण कप बारीक बदामाचं पीठ, पाव कप बिनसाखरेची, बिनस्वादाची व्हे प्रोटीन पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पूड), अर्धा चमचा बेकिंग पावडर, मीठ, एक अंडं आणि लागेल तसं थंडगार सोडा वॉटर. पकड अंडं आणि व्हेमुळे येते, हलकेपणा सोडा वॉटरमुळे. मिश्रण पळीला चिकटून राहील इतकं दाट हवं.

मासा आधी अगदी कोरडा पुसा. मग व्हे पावडरीत हलका घोळवा आणि लगेच या दाट मिश्रणात बुडवा. ही पायरी गाळलीत तर बाकी मेहनत फुकट!

तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस. बदाम पटकन काळपट होतो, म्हणून तुकडे पातळ ठेवा आणि जाळीवर निथळा.

मैद्यात १०० ग्रॅमला साधारण ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात, बदामाच्या पिठात २०च्या आसपास, त्यातले निम्मे तंतू. उष्मांक मात्र कमी होत नाहीत बरं का.