कराराच्या नूतनीकरणावर सही करण्याआधी

घणसोलीचे एक वाचक घरून एका कंपनीचं डिझाइनचं काम करतात. नोकरी नाही, महिन्याचं बिल लावतात. कंपनीने त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सुरक्षा सॉफ्टवेअर टाकायला लावलं. ते स्क्रीनशॉट घेतं, हे आता कळलं. त्याच लॅपटॉपवर पत्नीची इन्कम टॅक्सची कागदपत्रं आणि मुलांचे फोटो. "काढून टाकू का?" ठाणे-नवी मुंबईतून असे प्रश्न सारखे येतात.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलंच आहे. पण त्या निकालाची प्रत जोडून खासगी कंपनीला ईमेल धाडल्याने बिल सुटत नाही. तुम्हाला उपयोगी पडू शकेल ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, दुसऱ्याच्या संगणकात शिरून माहिती घेण्याविरुद्धचं कलम 43. आणि ते लागतं संगणकाच्या मालकाची किंवा ताबेदाराची परवानगी नसेल तेव्हा. तुम्ही तर ती लिहून दिली आहे. तुमच्या करारात 'उपकरणावरील माहिती' पाहण्याची, नोंदवण्याची आणि काम संपल्यावर पुसण्याची मुभा आहे. कामाच्या फाइली नव्हेत, अख्खं उपकरण! सही करताना हे वाचलं असतं तर आज पत्र लिहावं लागलं नसतं.

2023 चा वैयक्तिक डेटा कायदा संमती नेमकी आणि गरजेपुरतीच हवी म्हणतो. नोकरदारांची माहिती नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय वापरण्याची मालकांना दिलेली सवलत तुमच्यासारख्यांना लावणं कंपनीला जड जाईल, असं माझं मत. मात्र नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार. कलम 43 खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे भरपाई मागता येते. पण तिथल्या तारखांवर घर चालत नाही.

सॉफ्टवेअर परस्पर काढू नका. करारभंग म्हणून बिल अडकेल. तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, म्हणजे बोलायची वेळ हीच. सहीआधी ईमेलने कंपनीचा लॅपटॉप मागा. नसेल देत, तर मुभा कामाच्या फाइली आणि कामाच्या वेळेपुरती करून घ्या, लेखी पूर्वसूचनेशिवाय काहीही पुसायचं नाही हेही लिहून घ्या. वेगळं यूजर अकाउंट काढून भागत नाही. अशी सॉफ्टवेअर बहुधा अ‍ॅडमिनच्या अधिकाराने अख्ख्या मशीनवर चालतात. पत्नीने तर कुठेच सही केलेली नाही. त्यांची कागदपत्रं आजच दुसऱ्या डिस्कवर हलवा.