हिवाळ्यातील अपघात आणि वैमानिक होऊ पाहणारी मुलगी

प्रश्न : माझी १७ वर्षांची मुलगी व्यावसायिक वैमानिक होण्याचे ठरवून बसली आहे. हिवाळ्यात लहान विमाने उतरताना कोसळल्याच्या, बर्फाळ धावपट्टीवरून घसरल्याच्या बातम्या वाचून मी धास्तावलो आहे. ती मात्र अशा अपघातांचे अधिकृत चौकशी अहवाल आवडीने वाचते. मी तिला या मार्गापासून परावृत्त करावे का?

उत्तर : आपली धास्ती निराधार नाही, म्हणून आधी धोका नेमका काय आहे ते पाहू. शून्य अंशाखालीही द्रवरूप राहिलेले ढगांतील थेंब पंखांवर आदळताच गोठतात. खरखरीत सँडपेपरइतका पातळ आणि खडबडीत थरसुद्धा पंखांची उचल सुमारे ३० टक्क्यांनी घटवू शकतो आणि हवेचा रोध ४० टक्क्यांनी वाढवू शकतो. परिणामी एरवी सुरक्षित असलेल्या वेगालाही विमान स्टॉल होऊ शकते, म्हणजे पंखांची उचल अचानक घटून ते खाली येऊ लागते, आणि उतरताना तर वेग मुळातच कमी असतो व सावरायला उंची उरलेली नसते. प्रशिक्षणाच्या बहुतेक लहान विमानांवर बर्फ काढण्याची यंत्रणा नसते. कार्ब्युरेटर, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणारा भाग, असलेल्या इंजिनात तर हवा दमट असल्यास बाहेरचे तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही बर्फ धरतो, विशेषतः उतरण्यासाठी इंजिनाची शक्ती कमी केलेली असताना. त्यापुढे निसरडी धावपट्टी आणि आडवा वारा असतोच.

तरीही अहवाल नीट वाचले, तर केवळ बर्फाला दोष देता येत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलोजवळ उतरण्याच्या तयारीत असलेले प्रवासी विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. ते प्रशिक्षणाच्या विमानापेक्षा पुष्कळ मोठे होते आणि त्याच्यावर बर्फही साचला होता. परंतु वेग घसरत असल्याचे वेळेत लक्षात आले नाही आणि स्टॉलचा इशारा मिळाल्यावर कप्तानाने विमानाचे नाक खाली करण्याऐवजी वर खेचले, हे मुख्य कारण ठरले. उलट जानेवारी १९९७ मध्ये डेट्रॉइटकडे येणारे विमान मिशिगनमध्ये कोसळून २९ जण दगावले, तेव्हा बर्फाळ हवेत किमान वेग किती राखावा याचे पुरेसे निकष न आखणाऱ्या नियामक यंत्रणेवरही चौकशीने ठपका ठेवला. वैमानिकाची चूक आणि व्यवस्थेची चूक यांतला हा फरक आपल्या मुलीला अहवालांतून दिसत असेल, तर तिचे ते वाचन मी काळजीचे नव्हे, तर पात्रतेचे लक्षण मानेन.

तिला एकच विचारा : या वैमानिकाने नेमके कोणत्या क्षणी परत फिरायला हवे होते? बहुतेक नवशिक्यांचे उत्तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाभोवती घुटमळते. ज्याला हा व्यवसाय साधतो, तो हवामानाचा अंदाज वाचताना, म्हणजे उड्डाणाआधीच, तो क्षण शोधतो. मला तर गो-अराउंड घेण्याची, म्हणजे उतरणे अर्धवट सोडून पुन्हा वर जाण्याची, मनाची तयारी हातातल्या कौशल्याइतकीच महत्त्वाची वाटते. व्यावसायिक परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधारणतः २०० तासांचे उड्डाण लागते, पण हे तास पूर्ण झाले म्हणजे ही तयारी झाली, असे समजू नये. केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता मिळाल्यानेही साधे विमान बर्फाळ ढगांत नेण्यायोग्य होत नाही.

अपघात का घडला यातच तिचे मन अधिक रमत असेल, तर विमान अभियांत्रिकी किंवा हवामानशास्त्र शिकून अपघात अन्वेषणाकडे जाण्याचा मार्गही तिच्यासमोर ठेवा. दोषी ठरवण्यासाठी नव्हे, तर पुढचा अपघात टाळण्यासाठी चौकशी, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टाचे तत्त्व तिच्या वृत्तीशी जुळणारे आहे.

उड्डाणाचाच निश्चय असेल, तर शुल्क भरण्याआधी व्यावसायिक वैमानिकांसाठीची प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. मग एखाद्या दाट धुक्याच्या सकाळी तिच्यासह प्रशिक्षण संस्थेत जा. हवामानामुळे उड्डाण रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याचे तिथे काय होते, हे स्वतः पाहा आणि प्रशिक्षकांनाही विचारा. विमाने बांधून ठेवलेली असतील आणि विद्यार्थी प्रशिक्षकासोबत त्या दिवशीचा हवामान अहवाल तपासत बसले असतील, तर तिचा प्रवेश तिथे घ्यायला माझी हरकत नाही.