आईची शपथ आणि शेजारचे काका

"त्यायनं मले माह्या मायची आन घातली, मॅडम. सांगतलं तर मायले काही होईन असं वाटते, अन् नाही सांगतलं तर त्या काकाचं काही बरंवाईट होईन. रात्री झोपच येत नाही."

माझ्याकडे मदतीसाठी आलेली ही मुलगी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गावातल्या पाच जणांनी (त्यात तीही) एक गट केला होता. दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसायचं, ज्याला मन मोकळं करायचंय त्याचं ऐकायचं. सुरुवातीला लोक 'बह्याडायची (वेड्यांची) शाळा' म्हणून हसले. पाच महिन्यांत बाया यायला लागल्या, मग एखादा बाप्या माणूसही रस्त्यात थांबून बोलू लागला. शेजारच्या काकांनी तिला एस.टी. थांब्यावरून परतताना सांगितलं की आता जगण्यात राम नाही. सोयाबीन हातचं गेलं होतं, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. आणि लगेच शपथ. त्याला बारा दिवस झाले होते. रोज रात्री अकराला ती स्लॅबवर जाऊन त्यांच्या ओसरीतला पिवळा बल्ब पेटलाय का, ते बघायची. बल्ब दिसला की झोपायला जायची आणि दोन वाजता पुन्हा उठायची.

गावात मनाच्या आरोग्याचं काम करणारी मुलं फार वेळा हीच अडचण घेऊन येतात. विश्वासानं सांगितलेलं बाहेर काढलं तर पुन्हा कोण बोलेल? ही काळजी खरी आहे, पण शपथ पाळायची की मोडायची हा विचार नंतर करता येतो. जिवाला धोका असेल तेव्हा आधी तो माणूस आज रात्री सुरक्षित आहे का, ते बघायचं. म्हणून पहिल्या भेटीतली पहिली वीस मिनिटं काकांसाठीच गेली.

तिनं त्यांना स्पष्ट विचारलंच नव्हतं. विचारलं तर डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती. तसं होत नाही. उलट कुणीतरी न घाबरता विचारलं, याचाच त्या माणसाला आधार वाटतो. प्रश्न सरळ असावेत: "काका, जीव द्यावा असा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते घरात आहे का? याआधी कधी असं केलं होतं का?" 'कसं' ठरलेलं आहे आणि साधनही घरात आहे, असं उत्तर आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. मग शपथ बाजूला ठेवायची. आईला काही होत नाही, हे तिला तीनदा सांगावं लागलं. एवढ्या लहान वयात हे ओझं कुणी खांद्यावर टाकावं, याचं वाईट वाटत राहतं.

आपल्या भागात साधन म्हणजे बहुतेक वेळा फवारणीचं औषध. गोठ्यात, खाटेखाली, माळ्यावर अर्धी उरलेली बाटली असतेच. जीव द्यायची तीव्र लहर पुष्कळदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळात हाताशी बाटली नसली तर माणूस वाचू शकतो. म्हणून उरलेलं औषध पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचं, किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, आणि पुढच्या वेळी फवारणीला लागेल तेवढंच आणायचं. घरात नुसतं लपवून भागत नाही, लपवायच्या सगळ्या जागा घरच्या माणसाला ठाऊक असतात.

आणि कुणी पिऊनच घेतलं तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. १०८ला फोन करायचा, नाही तर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा. बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यायचं, कारण कोणतं विष आहे यावर उपचार ठरतो. गावात पोलिस केसच्या भीतीनं घरचे 'चुकून पेलं' म्हणतात आणि मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो ही नेहमीची पद्धत आहे, तिला घाबरून खोटं सांगू नये.

काकांकडे परत जाताना काय बोलायचं, ते आम्ही दोन वेळा म्हणून पाहिलं. "काका, मी तुम्हाले वचन दिलं ते चुकलं. हे माह्या एकटीच्यानं उचलत नाही. घरातल्या कोण्या एका माणसाले सांगाच लागते. कोणाले सांगू, ते तुमीच सांगा." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कुणाला सांगायचं ते त्यांनी निवडलं की त्यांचं काहीतरी त्यांच्या हातात राहतं. तिच्यासोबत गटातला मोठा मुलगा गेला. अशा वेळी एकट्यानं जाऊ नये.

काका चिडले. आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण त्यांनी आपल्या वहिनीचं नाव सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी वहिनीनं गोठ्यातल्या दोन बाटल्या पेटीत टाकल्या. मुलगी म्हणाली, "मी विश्वास तोडला." रागावणं म्हणजे नातं तुटणं नव्हे. आठव्या दिवशी काकांनीच तिला विचारलं, तालुक्याला डॉक्टर कोणत्या वारी येतात.

मदत कुठे मिळते, हे प्रत्येक गटाकडे लिहून ठेवलेलं असावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलतात. पहिला फोन त्या माणसाच्या शेजारी बसून लावून द्यावा. गावात रेंज कुठे मिळते, ती जागा आधी ठरवून ठेवावी. नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि फोन आपला आपण करायला सांगितला तर बहुतेक करत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर ठरावीक दिवशी येत असतील तर तो वार आशाताईला विचारावा. पहिल्या भेटीत सबंध दिवस जातो, सोबत माणूस लागतो. किशोरवयीनांसाठी ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काहीच होत नाही' म्हणून गोळ्या बंद होतात, तिथेच गटाच्या मुलांनी घरी चक्कर मारावी. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारण सहा महिने किंवा जास्त, गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. काम गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी केलं, पण त्यांच्या मागे समुपदेशक होते आणि त्यांच्याही मागे मानसोपचारतज्ज्ञ. या मुलीच्या गटाच्या मागे कुणीच नव्हतं, म्हणून सगळा भार तिच्या उशाशी आला.

पुढच्या तीन भेटी तिच्या झोपेसाठी आणि गटाच्या नियमांसाठी होत्या. एकावेळी एकाकडे दोन-तीन माणसंच. ऐकायला दोघं मिळून बसायचं. रात्री नऊनंतर फोन बंद, आणि १४४१६ व्हरांड्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत. महिन्यातून एकदा अनुभवी माणसाजवळ गटाचं मन मोकळं करायचं. आणि ऐकायला बसण्याआधीच सांगायचं: "तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील. फक्त तुमच्या जिवाला धोका वाटला तर एका माणसाला सांगीन, आणि तो माणूस आपण दोघं मिळून ठरवू." हे आधी म्हटलं की शपथ घालायची वेळच येत नाही.

त्यांनी बसवलेल्या पथनाट्यात शेतकरी बाटली तोंडाला लावतो, असा प्रसंग होता. टाळ्या फार पडायच्या. तो काढायला सांगितला, कारण कसं करायचं ते दाखवलं की आधीच कडेलोटावर असलेल्याला ते जवळचं वाटू लागतं. त्याऐवजी आता शेवटी बायको फोन लावते आणि नवरा शेजारी बसून बोलतो. टाळ्या थोड्या कमी पडतात, असं ती म्हणाली.

तिच्या आईची वेगळी काळजी: "अशा कामात राहिली तर सोयरीक कशी येईन?" तिला एका गुरुवारी व्हरांड्यात बसायला बोलावलं. मागच्या ओळीत पदर सावरून बसली, काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी चहाची किटली घेऊन आली.

मुलगी अजूनही कधी कधी स्लॅबवर जाते. आता रोज नाही.