मांड्या आंबल्यात : शेक कधी, पावडर किती?

प्रश्न : पोलीस भरतीसाठी सराव सुरू केलाय. परवा १०० बैठका मारल्या, वर उतारावरून धावलो. कालपासून मांड्या दुखताहेत, आज जिना उतरवत नाही. घरचे शेक घे म्हणतात, मित्र बर्फ लाव म्हणतात. लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लॅक्टिक अ‍ॅसिडचा इथे संबंध नाही. व्यायाम थांबल्यावर ते तासा-दीड तासात पूर्वीच्या पातळीवर येतं. तुमचं दुखणं सुरूच दुसऱ्या दिवशी झालं. बैठकीत खाली जाताना आणि उतारावर पाऊल टाकताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. असं दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात ओसरतं.

शेक जरूर घ्या, पण आधी एक पाहा. दोन्ही मांड्या सारख्याच आणि सगळीकडे दुखत असतील, तर त्या आंबल्यात. धावताना एकाच जागी अचानक कळ आली, सूज आली किंवा काळंनिळं पडलं, तर स्नायू फाटल्याची शंका घ्यावी. तिथे पहिले दोन-तीन दिवस शेक नको, सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

शेकायच्या रबरी पिशवीत उकळतं पाणी कधीही ओतू नका. दोन तृतीयांश भरा, दाबून हवा काढा, बूच लावून उलटी धरा आणि गळत नाही ना ते पाहा. नॅपकिनमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा. मध्येच उचलून कातडी पाहा, लालभडक झाली असेल तर थांबा. पिशवीवर झोपू नका. बाम किंवा स्प्रे चोळलेल्या जागी तर शेक नकोच. तिथे कातडी भाजल्याचं बऱ्याचदा उशिरा लक्षात येतं. शेकून झालं की पाच मिनिटं सावकाश चाला. शेकाने आखडलेपण सुटतं, दुखणं सुसह्य होतं; तंतू भरून येतात ते जेवण आणि झोपेने.

लघवी कोलासारखी गडद झाली किंवा पाय सुजून ताकदच गेली, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अचानक अति व्यायाम केल्यावर स्नायू मोडून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो.

प्रश्न : दुकानदाराने व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर), बीसीएए आणि ग्लुटामिन (दोन्ही प्रथिनांचे सुटे घटक) आणि क्रिएटिन (ताकदीसाठीची पावडर) असे चार डबे सांगितलेत. मी शाकाहारी आहे, वजन ६० किलो. काय घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बीसीएए आणि ग्लुटामिन दुकानातच राहू द्या. पुरेशी प्रथिनं खाणाऱ्याला त्यांचा वेगळा फायदा होत नाही.

नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे तुम्हाला रोज ९६ ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून २५, १०० ग्रॅम पनीरमधून १८, अर्धा लिटर दुधातून १६, ६० ग्रॅम डाळीतून १४, ५० ग्रॅम फुटाण्यांतून १० आणि चार पोळ्यांतून साधारण १२ ग्रॅम मिळतात. झाले ९५. एवढं रोज जमत नसेल तरच व्हेचा एक स्कूप घ्या. डब्यावर स्कूपचं वजन आणि त्यातली प्रथिनं वेगवेगळी छापलेली असतात. ३० ग्रॅममध्ये २४ ग्रॅमच्या आसपास असतील तर पावडर बरी.

चारांपैकी पैसे घालण्यासारखं आहे ते क्रिएटिन मोनोहायड्रेट. ते मांस-मासळीतून मिळतं, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, पाण्यातून. पहिले काही दिवस रोज २० ग्रॅम घ्यायची गरज नाही, तेवढ्याने पोट मात्र बिघडू शकतं. त्याने ताकद वाढायला मदत होते; आंबलेलं अंग लवकर मोकळं होईल, ही अपेक्षा ठेवू नका. स्नायूंत पाणी धरल्याने वजन किलो-दीड किलो वाढू शकतं. रक्त तपासणीत क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडांचं काम पाहतात) थोडं जास्त दिसू शकतं, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, मधुमेह आहे. व्यायामानंतर पोटऱ्या शेकल्या तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पायांना बधिरपणा असेल तर पिशवीही नको आणि हीटिंग पॅडही नको, भाजलेलं त्यांना कळणार नाही. संवेदना नीट असल्याचं डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल, तर कोमट शेक १० मिनिटं, आणि पिशवीची धग आधी तुमच्या मनगटावर पाहा.